न वळलेल्या दोरीचे मोल



बाराव्या शतकात कल्याण नगरीत शिवशरणांचा जो मेळा जमला, त्यात नुलिय चंदय्या नावाचे एक शरण होते. तळ्याकाठचे गवत कापावे, त्याची दोरी वळावी, ती विकावी आणि आलेल्या पैशांतून जंगमांची सेवा करावी, हा त्यांचा नित्यक्रम. परंपरेत त्यांची एक कथा सांगतात. गवत कापताना त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले. चंदय्या कायक सोडून थांबले नाहीत. लिंगच त्यांच्या मागे आले आणि मडिवाळ माचय्यांच्या मध्यस्थीने चंदय्यांनी लिंगालाही काम नेमून दिले. काम होते वळलेली दोरी विकून आणण्याचे. लिंगाने दोरी विकली खरी, पण तिच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक सोने घेऊन ते परतले. चंदय्या प्रसन्न झाले नाहीत. दोरीचे मोल जेवढे, तेवढेच आपले; त्याहून अधिक जे आले ते आपल्या हातांनी वळलेले नाही, म्हणून ते परत करावे, असे त्यांनी सांगितले.

अशीच दुसरी कथा आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. लक्कम्मांनी हा अधिक वाटा कशासाठी, असे विचारून तो जेथला तेथे ठेवून यायला सांगितले. या घरात अन्नाची चणचण होती, हे लक्षात घ्या. गरिबाच्या घरी जास्तीचे तांदूळ आले आणि गृहिणीने ते परत पाठविले. या दोन प्रसंगांचा अर्थ आज कशाला काढायचा, असे कोणी विचारील. तो काढण्याची वेळ आज आपल्या घरात, आपल्या मुलांच्या हातातील फोनवर आली आहे.

शिकणारा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. बेळगाव, पुणे, इंदूर, हैदराबाद, कोणतेही गाव घ्या. वय एकोणीस-वीस, अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष, वसतिगृहात राहणे. वडिलांची गावी लहानशी दुकानदारी. मुलगा हुशार, गणितात तरबेज. मित्राकडून तो फोनवर पोकर शिकला आणि चार महिन्यांत पन्नास-साठ हजार जिंकला. त्याने आईला साडी घेतली, खोलीतल्या मित्रांना जेवण दिले, वडिलांकडे या महिन्यात पैसे मागितले नाहीत. तो आपल्याला विचारतो, “मी दारू पीत नाही, कोणाची चोरी केली नाही, हरलोही नाही. जिंकलो आहे. रात्री दोन तास खेळतो, दिवसा कॉलेजला जातो. दोन्ही सांभाळले तर चुकले कोठे?”

हा प्रश्न झिडकारू नये. हरलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते, कारण त्याचे रिकामे खिसेच अर्धा उपदेश करून मोकळे होतात. जिंकलेल्याला उत्तर द्यायचे तर आपल्याजवळ विचार असावा लागतो.

प्रथम त्याची बाजू प्रामाणिकपणे ऐकू. तो म्हणतो, पोकर हा नुसता नशिबाचा खेळ नाही. हे काही अंशी खरे आहे. या खेळाच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, पाच पत्ते सर्वांसाठी टेबलावर उघडतात आणि कोणता डाव धरायचा, कोणता सोडायचा याचे गणित करावे लागते. चार इस्पिक जमले आहेत, पाचवे शेवटच्या पत्त्यात यावे अशी आशा आहे, तर न पाहिलेल्या ४६ पत्त्यांत ९ इस्पिक उरतात. म्हणजे पाच वेळा वाट पाहिली तर सुमारे एकदा ते येणार. हे जाणणारा न जाणणाऱ्यापेक्षा दीर्घकाळात सरस ठरतो. खोटा आव आणून समोरच्याला फसवणे हाही सर्वांना मान्य असलेला डाव आहे. त्याला असत्याचे पाप म्हणणे अन्यायाचे होईल.

पण त्याच गणिताची दुसरी बाजू पाहा. हातात दोन एक्के आले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी एक्केवाला शंभरातून सुमारे अठरा वेळा हरतो. त्याने काहीही चूक केलेली नसते. मग चार महिन्यांची जीत ही कौशल्याची की पत्त्यांच्या कृपेची, हे चार महिन्यांत कळत नाही. फार मोठ्या संख्येने डाव खेळल्यावर ते कळू लागते, आणि तोवर परीक्षेची दोन सत्रे निघून गेलेली असतात. जिंकणाऱ्याला मात्र पहिल्याच आठवड्यात खात्री पटलेली असते की हे आपल्या बुद्धीचे फळ आहे.

कौशल्य की नशीब, या वादात न्यायालयेही एकमताची नव्हती. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले. पोकर हा जुगारच, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. कर्नाटकाने २०२१ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तर त्या तरतुदी १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तेथील उच्च न्यायालयाने रद्द केल्या. शेवटी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळविण्यास या कायद्याने मनाई केली. असा खेळ पुरविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. तो वाद न्यायाधीशांचा आहे. पण शरणांची कसोटी कौशल्य की नशीब, ही कधीच नव्हती. चोरीलाही कौशल्य लागते. म्हणून आपण वेगळे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : या कामातून जगात काय उरले?

चंदय्यांनी दोरी वळली. ती विकल्यावर त्यांच्याकडे पैसे आले आणि घेणाऱ्याकडे दोरी गेली. त्या दोरीने कोणी गाय बांधली असेल, कोणी विहिरीतून पाणी काढले असेल. दोन्ही घरे थोडी अधिक भरली. माचय्यांनी कपडे धुतले, तर कोणाच्या अंगावर स्वच्छ वस्त्र आले. कायकाचे हे लक्षण आहे : घेणारा आणि देणारा दोघेही त्यातून काहीतरी घेऊन उठतात.

आता पोकरचे टेबल पाहा. नऊ जण प्रत्येकी १००० रुपये घेऊन बसले, म्हणजे टेबलावर ९००० रुपये आले. रात्रभर बुद्धी चालली, डोळे तांबारले, डाव झाले. सकाळी त्या नऊ जणांकडे मिळून ९००० रुपयेसुद्धा नसतात, कारण खेळ चालविणाऱ्याने डावामागून डाव आपला कट कापून घेतलेला असतो. त्याला रेक म्हणतात. एक दाणा पिकला नाही, एक दोरी वळली गेली नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात गेले आणि वाटेत थोडे गळाले. आपल्या विद्यार्थ्याचे साठ हजार आकाशातून पडलेले नाहीत. ते कोणाचे तरी आहेत. पडद्यावर त्याचे नाव नव्हते, चित्र होते. म्हणून तो दिसला नाही. तोही एखाद्या वसतिगृहातला मुलगा असेल, आणि त्याने लावलेले पैसे खानावळीचे असतील. तो आपणहून बसला होता हे खरे. पण तो हरावा अशी इच्छा धरल्याशिवाय माझी जीत होत नाही, अशा कमाईला सत्यशुद्ध कायक म्हणता येईल का, हे ज्याचे त्याने इष्टलिंग हातावर घेऊन स्वतःला विचारावे.

दुसरा प्रश्न : या कमाईने माझ्या मनातले माप बदलले काय?

या चिंतनाचा गाभा येथे आहे. हरण्याचे तोटे सर्वांना दिसतात. जिंकण्याचा तोटा दिसत नाही, म्हणून तो जास्त खोल जातो. एका रात्रीत आठ हजार मिळविलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुकानात उभे राहून दिवसाला पाचशे रुपये सोडविणारे वडील कसे दिसतात? तो त्यांचा अपमान करीत नाही, तोंडाने नमस्कारच करतो. पण आत कोठेतरी एक हिशेब सुरू होतो : “बाबांना सोळा दिवस लागतात, मला एक रात्र.” उद्या पदवी घेतल्यावर पहिल्या नोकरीचा पंधरा-वीस हजारांचा पगार त्याला भीक वाटू लागतो. प्रयोगशाळेतील तीन तास, न सुटणारे गणित घेऊन बसलेली संध्याकाळ, हे सारे त्याला मंदगती वाटते. विद्या ही गवताच्या काडीसारखी असते. एक काडी दुसरीला जोडावी, पीळ द्यावा, पुन्हा जोडावी. दोरी वळून होईपर्यंत हातात काहीच दिसत नाही. ज्याला न वळलेल्या दोरीचे मोल एकदा मिळाले, त्याच्या हातातून पिळण्याचा धीर निघून जातो.

चंदय्यांनी ते जास्तीचे सोने का नाकारले, ते आता ध्यानात यावे. सोने विषारी नव्हते. त्या सोन्याने दुसऱ्या दिवशीचे गवत कापणे हलके पडले असते, म्हणून त्यांनी ते नाकारले. लक्कम्मांना जास्तीच्या तांदळाची भीती नव्हती. त्या तांदळाबरोबर घरात येणाऱ्या नव्या भुकेची होती.

तिसरा प्रश्न : दासोहासाठी ही रक्कम चालेल काय?

काही तरुण भाबडेपणाने म्हणतात, जिंकलेल्यातला दहावा हिस्सा मठाला देऊ, अन्नदानाला देऊ. भावना चांगली आहे. पण शरणांच्या विचारात दासोह हे कायकाचे पुढचे पाऊल आहे; कायकाला पर्याय नाही. घामाचे असेल ते वाटावे. कमाईचा डाग धुण्यासाठी दासोहाचे पाणी वापरू नये. मठाच्या पेटीला नाण्याचा उगम कळत नसेल, देणाऱ्याच्या अंतःकरणाला कळतो.

आता समतोलाविषयी. “दोन तास” हा शब्द या खेळात टिकत नाही. मोठ्या स्पर्धा रात्री भरतात आणि सहा-सहा, आठ-आठ तास चालतात. बक्षीस शेवटपर्यंत टिकणाऱ्यालाच असते, म्हणून मध्येच उठता येत नाही. उठला तरी मन उठत नाही. वर्गात फळ्यावर समीकरण आणि डोळ्यांपुढे रात्रीचा हरलेला डाव. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही, हे अनिश्चित ठेवले की पक्षी चोच मारायचे थांबत नाही. रोज ठरलेला दाणा मिळणाऱ्या पक्ष्यापेक्षा तो अधिक चिकाटीने चोच मारीत राहतो. माणसाचे मन याहून फार वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात जुगाराची विकृती हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. इष्टलिंगावर दृष्टी स्थिर करण्यासाठी आपण वर्षानुवर्षे साधना करतो. तीच एकाग्रता हा खेळ चार महिन्यांत आपल्याकडून काढून घेतो आणि पडद्याला बांधतो.

शिवाय ज्या पायावर हा समतोल उभा करायचा, तो पाया तरी कोणाच्या हातात असतो? २००३ मध्ये अमेरिकेतील ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ऑनलाइन स्पर्धेतून प्रवेश मिळवून पोकरच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. ते पाहून तेथील असंख्य विद्यार्थी या खेळाकडे वळले. कित्येकांनी त्यालाच चरितार्थ मानले. १५ एप्रिल २०११ रोजी तेथील सरकारने तीन मोठ्या कंपन्यांवर कारवाई केली. त्यांपैकी फुल टिल्ट या कंपनीकडे ज्यांचे पैसे होते, त्यांना ते परत मिळू लागायला २०१४ साल उजाडले. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेच घडले. आज संसदेत विधेयक आले आणि काही दिवसांत मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबविले. आदल्या रात्रीपर्यंत जो स्वतःला कमावता समजत होता, तो सकाळी पुन्हा केवळ दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता, आणि दोन विषय मागे राहिलेले होते. चंदय्यांचे तळे मात्र कोणत्याही फर्मानाने आटले नसते. शिकलेली विद्या अशीच असते.

कायद्याने दार लावले तरी खिडक्या उरतात. परदेशी संकेतस्थळे आहेत, मध्यस्थांमार्फत चालणारे चोरटे गट आहेत. तेथे जिंकलेले पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. पणजीला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी आहेत आणि तेथे हा खेळ कायद्याने चालतो. पण तेथेही २१ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, आणि खुद्द गोव्याच्या रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून त्या टेबलांवर बसण्यास सरकारनेच मनाई केली आहे. जे राज्य त्यातून महसूल घेते, त्यानेही आपल्या लेकरांना त्यापासून दूर ठेवावे, यातला बोध ज्याने त्याने घ्यावा.

आता करायचे काय, ते सरळ सांगू.

ज्याच्या हाती जिंकलेले पैसे आहेत, त्याने प्रथम ते घरी सांगावेत. लपविलेली जीत ही हरण्याची पहिली पायरी असते. अशा निव्वळ जिंकलेल्या रकमेवर एप्रिल २०२३ पासून ३० टक्के प्राप्तिकर आहे. तो भरलेला आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. त्यानंतर आठवावे : हा खेळ मी कोणाला शिकविला? जिंकणारा मुलगा खोलीतल्या दोघा-तिघांचा गुरू होतो. त्याच्या जिवावर ते बसतात आणि बहुधा हरतात. पडद्याआडच्या अनोळखी माणसाचे पैसे परत करता येणार नाहीत; पण शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मित्राचे करता येतील. त्याची बुडालेली फी भरून द्या. लक्कम्मांनी जास्तीचे तांदूळ जेथले तेथे ठेवायला सांगितले होते. तुमच्यासाठी ‘जेथले तेथे’ याचा अर्थ हा आहे. उरलेले आपल्या शिक्षणाला लागू द्या, आणि फोनवरचे ते खाते बंद करा. पुढच्या महिन्यात वडिलांकडे पैसे मागावे लागतील. मागा. त्या मागण्यात जी नम्रता आहे, ती साठ हजारांत मिळत नाही.

जो हरला आहे, कर्जात बुडाला आहे, त्याने एकट्याने कुढू नये आणि हरलेले जिंकून काढण्यासाठी आणखी एक डावही मांडू नये. भारत सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा विनामूल्य आहे. तेथे मराठीतही बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत फोन आणि संगणकाच्या व्यसनासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे. आई-वडिलांना विनंती अशी की मुलाने सांगितले तर पहिल्या क्षणी हात उगारू नका. त्याने सांगितले, हेच त्याचे परतीचे पहिले पाऊल आहे. आणि मुलाने अचानक पैसे मागणे थांबविले, तर नुसते समाधान मानू नका; शेजारी बसून प्रेमाने विचारा, बाळा, हे आले कोठून? लक्कम्मांनी विचारले, तसे.

शेवटी एका शरणांचे स्मरण करू. परंपरा सांगते की पेद्दण्णा हे आधी चोरी करीत. एका रात्री ते चोरीसाठी एका घरी शिरले, तेथे त्यांना उरिलिंगदेवांकडून चाललेला दीक्षेचा सोहळा दिसला, आणि त्यांचे मन पालटले. पुढे रोज लाकडाची मोळी वाहून त्यांनी गुरूंची सेवा केली. तेच उरिलिंगपेद्दी या नावाने विद्वान वचनकार म्हणून ख्यातीस आले. त्यांना परतण्यासाठी मोठे तप करावे लागले नाही. डोक्यावर एक मोळी घ्यावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक.

तरुण मित्रांनो, तुमच्या डोक्यावरची मोळी म्हणजे उद्याचा तास, उद्याचा पाठ, मागे राहिलेला विषय. ती जड आहे, तिला टाळ्या नाहीत, तिचा दाम लगेच मिळत नाही. पण ती तुमची आहे, आणि ती उचलताना दुसऱ्या कोणाचे हरणे तुम्हाला इच्छावे लागत नाही.